आग्या मुंगी: खरंच अजिंक्य, की आपणच मोकळं रान दिलेली?

मुंगळा२२

काल जुने फोटो चाळताना २०१७ च्या हार्वे वादळातला एक फोटो परत समोर आला. ह्यूस्टनच्या रस्त्यावर गुडघाभर गढूळ पाणी आणि त्यावर तांबूस साय धरल्यासारखं काहीतरी. पहिल्यांदा पाहिला तेव्हा पालापाचोळा वाटला होता. पण तो होता जिवंत मुंग्यांचा तराफा. एकमेकींचे पाय जबड्यात आणि नख्यांत पकडून हजारो मुंग्या तरंगत होत्या. मधोमध राणी, आणि अंडी-अळ्याही बरोबर.

ही सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टा, म्हणजे तांबडी आग्या मुंगी. मूळची दक्षिण अमेरिकेतली. पॅराग्वे आणि पाराना नद्यांच्या पूरमैदानांत, ब्राझील, पॅराग्वे, उत्तर अर्जेंटिना या पट्ट्यात तिचं माहेर. १९३० च्या दशकात कधीतरी अलाबामातल्या मोबील बंदरात जहाजातून उतरली आणि पुढे अमेरिकेच्या अख्ख्या दक्षिण भागात पसरली. तिच्या आधी, १९१८ च्या सुमारास, तिची काळी बहीण सोलेनॉप्सिस रिक्टेरी त्याच बंदरात आली होती, पण तिला फार मजल मारता आली नाही.

'इन्व्हिक्टा' म्हणजे लॅटिनमध्ये 'अजिंक्य'. हे नाव ब्युरेन या कीटकशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये दिलं. तोपर्यंत अमेरिकन सरकारने तिच्याविरुद्ध पंधरा वर्षं विषाची फवारणी करून पाहिली होती आणि हात टेकले होते.

या मुंगीबद्दल बरंच वाचून झाल्यावर माझं मत असं बनलंय की ती 'अजिंक्य' वगैरे काही नाही. तिला जिंकायला लागणारं मैदान आपण नांगरून, सपाट करून, गवत कापून देतो. ज्यांना पटत नाही त्यांनी मुद्दे मांडा. ज्यांनी डंख खाल्लाय त्यांनी अनुभव लिहा.

निवांत

वाचतोय. भारी धागा.

शंकासुर

तराफ्याबद्दल एक बाळबोध शंका. खालच्या थरातल्या मुंग्या बुडून मरत नाहीत का? की पाळीपाळीने वर-खाली करतात?

मुंगळा२२

@शंकासुर, शंका बाळबोध नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या संशोधकांनी याच प्रश्नावर काम केलं आणि ते २०११ मध्ये छापून आलं. एकट्या मुंगीच्या अंगावरही पाणी फारसं टिकत नाही, पण मुंग्या एकमेकींत घट्ट विणल्या गेल्या की सगळ्यांची मिळून एक पाणी न शिरणारी वीण तयार होते. मधल्या फटींत हवा अडकून राहते आणि ती हवाच तळच्या मुंग्यांना श्वासालाही पुरते आणि तरंगायलाही. त्यांनी मुंग्यांचा गोळा करून पाण्यात टाकला, तर साधारण १०० सेकंदांत तो पसरून चपटा तराफा झाला. ना मुकादम, ना आराखडा. मोकळी मुंगी वर इकडेतिकडे भटकत कडेपर्यंत पोचली की तिथे पकड घेते आणि तराफा तेवढा वाढतो.

अळ्यासुद्धा तळाशी लावतात. ऐकायला क्रूर वाटतं, पण अळ्या उत्तम तरंगतात आणि त्या असल्या की तराफा जास्त दिवस टिकतो. आणखी एक, तराफ्यावरची मुंगी वारुळातल्या मुंगीपेक्षा एका डंखात जास्त विष सोडते. पुरात अडकलेल्यांनी काठीनेही तो ढोसू नये, कारण काठीवरून चढायला तिला क्षणही लागत नाही. साबणाचं पाणी मात्र तिच्या मुळावर येतं. पृष्ठताण गेला की हवा निसटते आणि तराफा बुडतो.

दक्षिणवारा

टेक्ससमध्ये बारा वर्षं राहतोय, म्हणून अनुभव लिहिण्याचा हक्क बजावतो.

पहिल्याच उन्हाळ्यात घरामागच्या लॉनवर फोनवर बोलत उभा होतो. पायाखाली भुसभुशीत लागलं, दुर्लक्ष केलं. काही सेकंदांनी दोन्ही पायांवर घोट्यापासून पोटरीपर्यंत एकदम ठिणग्या पडल्यासारखं झालं. बघतो तर स्लिपर दिसत नव्हती, नुसत्या मुंग्या. फोन एकीकडे, मी दुसरीकडे. शेजारची म्हातारी कुंपणापलीकडून पाहत होती. माझा नाच तिला ओळखीचा असावा, कारण काही न विचारता तिने पाण्याचा पाइप माझ्या दिशेने सोडला.

त्यांच्या वारुळाला वर भोक नसतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नुसता मोकळ्या मातीचा ढीग. ये-जा जमिनीखालच्या आडव्या बोगद्यांतून चालते आणि ते बोगदे वारुळापासून कितीतरी मीटर लांब जातात. त्यामुळे ढिगावर एकही मुंगी दिसत नाही आणि माणूस बिनधास्त उभा राहतो.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक डंखावर पांढरी पुळी. मी मोजल्या होत्या, ६३.

कोरडी विहीर

६३ डंख म्हणजे ६३ मुंग्या असतीलच असं नाही. ही मुंगी आधी जबड्याने कातडी पकडते, मग त्या बिंदूभोवती अंग फिरवत पोटाच्या टोकाच्या नांगीने चार-सहा वेळा टोचते. म्हणून पुळ्या बऱ्याचदा अर्धगोलात दिसतात. मधमाशीच्या नांगीसारखे मोठे काटे हिच्या नांगीला नसतात, त्यामुळे नांगी अडकून राहत नाही आणि डंख मारून ती मरतही नाही.

विषाची गंमत अशी की बहुतेक मधमाश्या-गांधिलमाश्यांचं विष म्हणजे मुख्यतः प्रथिनांचं पाणी. हिच्या विषात ९५ टक्क्यांहून जास्त भाग तेलकट अल्कलॉइडचा असतो, सोलेनॉप्सिन वगैरे. आग होते ती त्याने आणि पेशी मरून पुळी येते तीही त्याने. पुळीतला पू जंतूंचा नसतो, म्हणून ती फोडायची नाही. फोडली, खाजवली की मग खरा जंतुसंसर्ग होतो. उरलेला जो किंचितसा प्रथिनांचा भाग, त्याची काहींना जोरदार अ‍ॅलर्जी येते. श्वास अडकणं, ओठ-जीभ सुजणं, चक्कर, अंगभर गांधी यांपैकी काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट इमर्जन्सी गाठा. बाकीच्यांना साबणाने धुणं आणि बर्फ पुरतो.

शंकासुर

म्हणजे झाडावर पानं शिवून घर करणाऱ्या त्या लाल मुंग्या याच का? त्यांचाही चावा चांगलाच झोंबतो.

कोरडी विहीर

नाही. त्या विणकर मुंग्या, वेगळ्याच उपकुळातल्या. त्यांना नांगी नसते. त्या चावतात आणि जखमेवर फॉर्मिक आम्ल फवारतात. आग्या मुंगी जमिनीत राहते आणि टोचते. 'लाल आणि झोंबणारी' एवढ्यावरून ओळखायला गेलं तर निम्म्या मुंग्या आग्या ठरतील. ओळखायचंच असेल तर भिंग घ्या. कमरेला दोन मणी, स्पर्शिकेच्या टोकाला दोन पेरांचा गोंडा, आणि एकाच वारुळात दोन मिलिमीटरपासून सहा मिलिमीटरपर्यंत सगळ्या मापांच्या कामकरी मुंग्या.

अवांतर: उष्ण कटिबंधात फार आधीपासून पसरलेली आग्या मुंगी म्हणजे सोलेनॉप्सिस जेमिनाटा. सोळाव्या शतकात अकापुल्को ते मनिला अशा स्पॅनिश गलबतांतून ती आशियात आली, असं जनुकांच्या तुलनेतून दिसलंय. जहाजाचा तोल राखायला तळाशी माती भरत आणि बंदरात ती उपसून टाकत. मुंगीला आणखी काय हवं?

बेरीज_वजाबाकी

मला यांच्या राणीचं चरित्र कुठल्याही दरबारी कारस्थानापेक्षा रंगतदार वाटतं. लांबण लागेल, पण लिहितोच.

पाऊस पडून गेल्यावर उबदार दिवशी पंखवाल्या राण्या आणि नर आकाशात झेपावतात. मीलन हवेतच होतं. नर त्यानंतर मरतात. राणी आयुष्यात एकदाच, साधारण ७० लाख शुक्राणू पोटातल्या पिशवीत साठवून घेते आणि पुढची सहा-सात वर्षं तेच पुरवून पुरवून वापरते. तो साठा संपला की वसाहतीचे दिवस भरले.

खाली उतरल्यावर ती स्वतःचे पंख मोडून टाकते, जमिनीत लहानसं बीळ करते आणि दार आतून बंद करते. त्यानंतर पहिल्या कामकरी तयार होईपर्यंत जवळजवळ महिनाभर बाहेरचं काही खात नाही. उडण्याचे स्नायू आता निरुपयोगी झालेले असतात. ते विरघळतात आणि त्यांवर पहिली पिल्लावळ पोसली जाते. म्हणजे पंखांचं बळ लेकींच्या तोंडी. या पहिल्या लेकी अगदी बारक्या असतात, पण त्या दार उघडतात आणि संसार सुरू होतो.

कारस्थान इथून पुढे. बऱ्याचदा दोन-चार राण्या एकाच बिळात मिळून सुरुवात करतात. एकत्र अंडी घालतात, एकत्र सांभाळतात, गुण्यागोविंदाने. मग कामकरी बाहेर येतात आणि एक सोडून बाकी राण्यांना मारून टाकतात. त्यात स्वतःची आईही सुटत नाही. आईला वाचवावं असा कल त्यांच्यात दिसत नाही.

त्याच सुमारास शेजारच्या कोवळ्या वसाहतींत अळ्यांची पळवापळवी सुरू होते. या बिळातल्या कामकरी त्या बिळातल्या अळ्या उचलून आणतात, त्या बिळातल्या परत घेऊन जातात. असं चालता चालता एका बिळाचं पारडं जड होतं. मग हरणाऱ्या बिळातल्या कामकरी आपल्या आईला टाकून जिंकणाऱ्यांना सामील होतात. एकटी पडलेली राणी कधीकधी लेकींच्या मागोमाग त्या बिळापर्यंत जाते. बहुतेकदा तिथेच तिचा शेवट होतो.

जी एक उरते, ती भरात आली की दिवसाला हजार-दीड हजार अंडी घालते. मोठ्या वारुळात दोन लाखांवर कामकरी असतात. हिशेब मांडलात तर अशी एक राणी उरण्यासाठी किती मेल्या असतील ते कळेल.

निवांत

बापरे. पक्षांतरबंदी कायदा नाही वाटतं त्यांच्यात.

मुंगळा२२

@बेरीज_वजाबाकी, झकास. पण तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत. काही वारुळांत एकीच्या जागी अनेक राण्या आयुष्यभर सुखाने नांदतात, त्यांचं काय?

बेरीज_वजाबाकी

ते मुद्दाम ठेवलं होतं. तो प्रकार जनुकांत लिहिलेला आहे, आणि तोही चक्रावणारा.

यांच्या एका गुणसूत्रावर शेकडो जनुकांचा एक मोठा तुकडा उलटा बसून एकगठ्ठा वारशाने येतो. हे २०१३ मध्ये स्पष्ट झालं. साध्या प्रतीला मोठा बी म्हणू, उलट्या प्रतीला छोटा बी. एकराणी वारुळातल्या सगळ्यांकडे दोन्ही प्रती मोठ्या. बहुराणी वारुळातल्या अंडी घालणाऱ्या राण्यांकडे मात्र एक मोठी, एक छोटी. तिथे दोन मोठ्या प्रतींची राणी अंडी घालू लागली की छोटी प्रत असलेल्या कामकरी तिला वासावरून ओळखून ठार मारतात. ही ओळख १९९८ मध्येच सापडली होती. आणि दोन छोट्या प्रतींची मादी राणीपदापर्यंत जगतच नाही. थोडक्यात, जनुकांचा एक गठ्ठा स्वतःची प्रत अंगात नसलेल्या राण्यांचा काटा काढतो.

याचे परिणाम जमिनीवर दिसतात. एकराणीवाल्या शेजारणींशी हद्दीवरून भांडतात, त्यामुळे वारुळं विरळ. बहुराणीवाल्या फारशा भांडत नाहीत आणि वारुळाची वाटणी करून चालत शेजारी नवं थाटतात. तिथे वारुळं कितीतरी पट दाट.

कोरडी विहीर

आता धागाकर्त्याच्या मुद्द्याला विरोध नोंदवतो. 'मैदान आपण दिलं' हे ऐकायला छान आहे. पण टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरातल्या ब्रॅकनरिज प्रयोगक्षेत्रात बहुराणी आग्या मुंगी घुसली, तेव्हा स्थानिक मुंग्यांच्या जातींची संख्या सुमारे ७० टक्क्यांनी घटली. हे १९९० मध्ये प्रसिद्ध झालंय. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं, अंड्यातून निघणारी कासवं ती खाते, हेही खरं. एका छोट्या कुंपण-सरड्याला डझनभर मुंग्या मिनिटाभरात मारू शकतात. जिथे ही मुंगी बराच काळ आहे तिथल्या सरड्यांचे मागचे पाय लांब झालेत आणि ते अंग झटकून पळायला शिकलेत. इतका दबाव टाकणारी मुंगी नुसती संधिसाधू कशी?

मुंगळा२२

हाच प्रतिसाद हवा होता.

ब्रॅकनरिजची गोष्ट तिथे संपत नाही. बारा वर्षांनी तिथेच परत मोजणी झाली, तेव्हा स्थानिक मुंग्यांच्या जाती जवळपास पूर्वपदावर आलेल्या आढळल्या. आग्या मुंगी होती, पण तिचा पहिला जोर ओसरला होता. पहिली लाट मोजायची आणि तीच कायमची धरायची, ही चूक आपण फार करतो.

आता फ्लोरिडातला प्रयोग पहा. वॉल्टर चिंकेल यांनी उभं आयुष्य या मुंगीवर घालवलं. त्यांनी आणि जोशुआ किंग यांनी आग्या मुंगी नसलेल्या पाइनच्या जंगलात तुकडे आखले. काही नांगरले, काहींतलं गवत कापलं, काही तसेच ठेवले, आणि काहींत आग्या मुंगीच्या वसाहती मुद्दाम आणून सोडल्या. २००८ मध्ये निष्कर्ष आले. न बिघडवलेल्या जंगलात सोडूनही ती फारशी वाढली नाही. नांगरलेल्या तुकड्यांत मात्र ती नसतानाही स्थानिक मुंग्या ढासळल्या होत्या. घर आधी आपण पाडलं आणि चोरीचा आळ तिच्यावर आला.

आणि तिचं माहेर आठवा. पूरमैदान. तिथे नदी येते, जमीन धुऊन कोरी करून जाते, ओसरल्यावर जो आधी पोचेल त्याची जागा. अशा ठिकाणी दोन गुण लागतात: पुरात तरणं आणि कोऱ्या मातीत झटपट बस्तान मांडणं. तराफ्याचं आपल्याला कौतुक आणि लॉनवरच्या वारुळाचा वैताग, पण ती एकाच गुणाची दोन टोकं आहेत. बुलडोझर, नांगर, रस्त्याकडेची पट्टी, गोल्फचं मैदान, नवी वसाहत... तिच्या लेखी आपण कधीच न ओसरणारा पूर आहोत.

सरड्यांचं मात्र मान्य. तिथे माझ्याकडे उत्तर नाही.

दक्षिणवारा

यात भर घालतो. एडवर्ड विल्सन, पुढे जगप्रसिद्ध झालेले मुंगीतज्ज्ञ, १९४२ मध्ये मोबीलला तेरा वर्षांचे होते. त्यांना ही मुंगी सापडली ती घराशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर. जंगलात नव्हे, रिकाम्या प्लॉटवर!

आणि सरकारी मोहीम. १९५७ पासून लाखो एकरांवर विमानातून हेप्टाक्लोर आणि डिलड्रिन ही कीटकनाशकं टाकली. पक्षी, मासे, जनावरं मेली. पर्यावरणावर लिहिणाऱ्या रेचल कार्सन यांनी १९६२ मध्ये त्यावर कडाडून लिहिलं. नंतर मायरेक्स आलं, तेही १९७० च्या दशकाअखेर बंद झालं. विषाने स्थानिक मुंग्याही साफ झाल्या, म्हणजे आग्या मुंगीच्या नुकत्याच जमिनीवर उतरलेल्या राण्यांना मारणाऱ्या आणि जागेसाठी झगडणाऱ्या सगळ्या गेल्या. कोरं मैदान, आणि परत सगळ्यात आधी हजर कोण? विल्सन यांनीच त्या मोहिमेला कीटकशास्त्राचं व्हिएतनाम म्हटलं.

शंकासुर

मग उपाय काय? इथे लोक मक्याची भरड टाका म्हणतात. मुंगी खाते, पोटात फुगते आणि फुटते म्हणे.

कोरडी विहीर

थाप आहे. प्रौढ मुंगी घन पदार्थ गिळूच शकत नाही, तिच्या घशाला गाळणी असते. घन तुकडा ती घरी नेऊन शेवटच्या अवस्थेतल्या अळीच्या तोंडाखाली ठेवते. अळी त्यावर पाचक रस सोडते, तो द्रव होतो आणि मग तो तोंडातोंडी सगळ्या वसाहतीत फिरतो. घरातल्या बाळानेच सगळ्यांसाठी जेवण चावून द्यावं, तसं. भरड टाकली तर फुटणार कोण?

पण याच सवयीवर खरा उपाय उभा आहे. आमिष म्हणून त्याच भरडीला सोयाबीन तेल आणि हळू काम करणारं औषध चोळतात. 'हळू' हा शब्द महत्त्वाचा. झटपट मारणारं औषध आणणाऱ्या मुंगीलाच मारतं आणि राणी तशीच राहते. उकळतं पाणी ओतणारे फसतात तेही म्हणूनच, कारण वारूळ मीटर-दीड मीटर खोल असू शकतं. सकाळी कोवळ्या उन्हात राणी आणि अळ्या वरच्या ढिगात ऊब घ्यायला आलेल्या असतात, तेव्हा थोडी आशा असते.

बेरीज_वजाबाकी

जैविक उपाय विसरलात. स्युडाक्टेऑन नावाची चिलटाएवढी माशी. मुंगीच्या छातीत एक अंडं टोचते. अळी सरकत सरकत डोक्यात जाते, शेवटी आतलं सगळं खाते, डोकं गळून पडतं आणि त्या रिकाम्या कवटीत माशीचा कोष तयार होतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेत या माश्या सोडल्या गेल्या. मारते थोड्यांना, पण दहशत मोठी. माशी घिरट्या घालू लागली की मुंग्या खाणं टाकून दडून बसतात. माहेरी तिला आवर घालणारे असे बरेच शत्रू आहेत. जहाजात ती चढली, ते मागे राहिले.

निवांत

आमच्यासारख्यांसाठी दिलासादायक काही आहे का या धाग्यात?

बेरीज_वजाबाकी

@निवांत, आहे. बोगदे खणताना साधारण ३० टक्के मुंग्या ७० टक्के काम करतात. बाकीच्या आत डोकावतात, गर्दी दिसली की उलट्या पावली परततात. जॉर्जिया टेकनेच २०१८ मध्ये हे दाखवलं. सगळ्या एकदम कामाला लागल्या तर अरुंद बोगद्यात कोंडी होऊन काम थांबतं. सगळ्यात कष्टाळू पाच काढून घेतल्या, तर काम तेवढंच चालू राहिलं, दुसऱ्या पुढे आल्या.

निवांत

प्रिंट काढून ऑफिसात लावतो.

कोरडी विहीर

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचा उल्लेख कुणीच केला नाही. तिथे २००१ मध्ये सापडली आणि अजून झुंज चालू आहे. पण तिथल्याच ग्लॅडस्टोन बंदरातली आणि न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विमानतळावरची घरटी पूर्ण निपटली, कारण लवकर सापडली. २०२३ मध्ये सिसिलीत सिराक्यूजजवळ ८८ वारुळं आढळली, युरोपात प्रथमच. तैवान, चीन, ऑस्ट्रेलिया इथल्या बहुतेक मुंग्या दक्षिण अमेरिकेतून थेट न जाता अमेरिकेच्या दक्षिण भागातून गेल्यात, असं जनुकं सांगतात. म्हणजे कुंडीतली माती आणि गवताच्या लाद्या तपासणं हेच काय ते खरं औषध. धागाकर्त्याशी माझा एवढ्यापुरता समेट.

दक्षिणवारा

इथे काल रात्री पाऊस झाला, आत्ता ऊन पडलंय. वारुळाच्या ढिगाला वरून भोकं पडलीत आणि पंखवाल्या गवताच्या पात्यांवर चढून उडताहेत. वर्षभरात वारुळाच्या माथ्यावर दार दिसतं ते एवढंच. चकचकीत पृष्ठभाग त्यांना भुलवतो, तशा चार राण्या माझ्या गाडीच्या टपावर उतरल्या आहेत. एकीने पंख मोडले पण. शेजारी नेमकं काल गवत कापलंय, आणि कुंपणापलीकडे नव्या घरांसाठी महिनाभर जमीन सपाट करणं चालू आहे. बाकीच्या तिकडेच चालल्यात.